उसाला काटा आहे, खांद्याला का नाही?

दिवाळी सरली की आपल्या जिल्ह्यातील रस्त्यांवर उसाच्या गाड्या दिसू लागतात. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे, संगमनेर, कोणत्याही बाजूला जा. बैलगाडी, टायरगाडी, ट्रॅक्टर, ट्रक यांची रांग साखर कारखान्याच्या दिशेने चाललेली असते. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५०-५१ साली त्याचा पहिला हंगाम झाला. तेव्हापासून हे दृश्य या जिल्ह्याच्या अंगवळणी पडले आहे. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, पण उसाची रांग तीच आहे.

ही रांग ज्या ठिकाणी थांबते ते ठिकाण तुम्ही नीट पाहिले आहे का? ते म्हणजे कारखान्याचा वजनकाटा. भरलेली गाडी काट्यावर उभी राहते, आकडा उमटतो. ऊस उतरवून रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते, दुसरा आकडा उमटतो. दोहोंची वजाबाकी म्हणजे उसाचे वजन. पुढे रसाची तपासणी होते. शंभर किलो उसातून किती साखर निघाली, तो 'उतारा' दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या अंकापर्यंत काढला जातो. या जिल्ह्यात उसाइतकी काटेकोरपणे मोजली जाणारी दुसरी वस्तू क्वचितच असेल.

पण विद्यार्थी मित्रांनो, तो ऊस काट्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी कोणाच्या तरी खांद्यावरून गेलेला असतो. त्या खांद्याच्या सांध्यावर किती भार पडला, हे आपण मोजतो का? या लेखात मला एवढाच प्रश्न विचारायचा आहे, आणि त्याचे माझे उत्तरही सांगायचे आहे.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' असे नाव लागते. माणसांची मोजणी हत्याराच्या नावाने होते, ही गोष्टच विचार करायला लावणारी आहे. पहाटे फडात उतरायचे, वाकून ऊस बुडख्याशी तोडायचा, वाढे छाटायचे, मोळी बांधायची. मग तीस-चाळीस किलोंची ती मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचे. ही मजुरी टनावर मिळते. म्हणजे मोजला जातो तो ऊसच.

मी शाळेत असताना आमच्या वस्तीच्या कडेला कोप्या पडत. त्यांतील एक मावशी उजवा हात वर नेताना कण्हत असत. तालुक्याच्या दवाखान्याची वाट दाखवायला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. डॉक्टर भले होते. त्यांनी खांदा तपासला, गोळ्या दिल्या आणि सांगितले, "मावशी, महिनाभर हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचे नाही." मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, मंग मोळी काय दातानं उचलू?" डॉक्टर हसले, मावशीही हसल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या फडात होत्या.

सल्ला चुकीचा नव्हता. पण तो मावशींच्या कामाचा नव्हता. 'जड' म्हणजे किती? हात किती वर नेला तर किती भार वाढतो? मोळी उचलताना खांदा जास्त भरतो की खाली टाकताना? ही उत्तरे असती तर मावशींना उपयोगी पडेल असा सल्ला देता आला असता. त्या दिवशी ती डॉक्टरांकडे नव्हती, कारण तेव्हा कोणीही खांद्याच्या सांध्यातील भार प्रत्यक्ष मोजला नव्हता.

आता जरा सांध्याकडे पाहू. खांदा हा उखळीचा सांधा आहे. दंडाच्या हाडाचे वरचे गोल टोक पाठीच्या फऱ्यावरील खळग्यात बसते. मात्र ही उखळ फार उथळ आहे. बशीत लिंबू ठेवावे तसा हा प्रकार आहे. म्हणूनच हात चौफेर फिरतो आणि म्हणूनच तो निखळण्याची भीतीही असते. ते लिंबू बशीत दाबून धरण्याचे काम भोवतालचे स्नायू करतात. सांध्यावर येणारा बहुतेक भार हातातील ओझ्याचा नसून या स्नायूंच्या ओढीचा असतो.

तुम्ही शाळेत तरफेचा नियम शिकला आहात. भार गुणिले भारभुजा बरोबर बल गुणिले बलभुजा. तो येथे लावा. ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाचा एक हात साधारण ३ किलोग्रॅमचा असतो. हात आडवा सरळ धरला तर त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर येतो. गुणाकार ९०. हात उचलून धरणारा स्नायू मात्र सांध्याच्या मध्यापासून जेमतेम ३ सेंटिमीटर अंतरावरून ओढतो. म्हणजे त्याला ३० किलोग्रॅम इतक्या ओझ्याचे बल लावावे लागते! हातात काहीही नसताना सांध्यावर अर्ध्या शरीराचा भार आला. आता ६० सेंटिमीटरवर, म्हणजे मुठीत, दीड किलोग्रॅमचे भांडे द्या. आणखी ९० ची भर. एकूण १८०, भागिले ३, म्हणजे ६० किलोग्रॅम. पाण्याच्या एका लहान तांब्याने सांध्यावर सबंध माणूस उभा केला.

यावर विश्वास बसत नसेल तर प्रयोग करा. सुमारे ६५ सेंटिमीटर लांबीची लाकडी पट्टी घ्या. तिच्या एका टोकाशी भोक पाडून ती भिंतीतील खिळ्यावर सैल बसवा. खिळ्यापासून ३ सेंटिमीटरवर दोरी बांधून ती ५ किलोच्या ताणकाट्याने सरळ वर ओढा. ६० सेंटिमीटरवर १०० ग्रॅमचे वजन टांगा. पट्टी आडवी होईल तेव्हा काटा वाचा. वजन १०० ग्रॅमचे आणि काटा दोन किलोच्याही पुढे! जास्तीचा आकडा पट्टीच्या स्वतःच्या वजनाचा. तीच तुमच्या हाताची जागा घेते.

मग गणिताने काम भागत असताना मोजायचे कशाला? कारण खांद्याला एक स्नायू नसतो, अनेक असतात. एकच काम ते निरनिराळ्या प्रकारे वाटून घेऊ शकतात. कोण किती ओढतो, हे गृहीत धरूनच गणित मांडावे लागते. गृहीत चुकले की उत्तर चुकले. विज्ञानात अशा वेळी एकच मार्ग असतो. प्रत्यक्ष मोजायचे.

पण जिवंत माणसाच्या सांध्यात काटा ठेवायचा कसा? ज्यांचा सांधा झिजून निकामी झाला आहे आणि ज्यांना कृत्रिम सांधा बसवावाच लागणार आहे, त्यांच्याच संमतीने त्या सांध्यात मापक बसवणे, ही त्यावरची युक्ती. कृत्रिम खांद्याची कल्पना जुनी आहे. १८९३ साली पॅरिसमध्ये पेआँ या शल्यविशारदाने एका क्षयग्रस्त रुग्णाला प्लॅटिनम व रबर यांचा खांदा बसवला होता. सांध्यातील भार मोजण्याची सुरुवात मात्र खुब्यापासून झाली. स्वीडनमधील रायडेल यांनी दोन रुग्णांच्या कृत्रिम खुब्यांत मापक बसवून घेतलेली मोजमापे १९६६ साली प्रसिद्ध केली. त्यांना शरीरातून तारा बाहेर काढाव्या लागल्या होत्या.

पुढे बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात गेऑर्ग बेर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारांशिवाय चालणारे सांधे तयार केले. आधी खुबा, मग खांदा. खांद्याच्या पहिल्या रुग्णाची मोजमापे २००७ साली छापून आली. धातूचा हा सांधा आतून पोकळ असतो. त्या पोकळीत सहा विकृतिमापी, म्हणजे स्ट्रेन गेज, चिकटवलेले असतात. भाराने धातू केसाच्याही अंशाएवढा वाकतो, त्याबरोबर मापक ताणला जातो आणि त्याचा विद्युतरोध बदलतो. या बदलावरून तिन्ही दिशांचे बल आणि तिन्ही दिशांचे पीळ काढता येतात. सांध्यात विद्युतघट नसतो. मोजमापाच्या वेळी रुग्णाच्या दंडाभोवती तारेचे वेटोळे ठेवतात आणि रोहित्राप्रमाणे प्रवर्तनाने आत वीज पोहोचते. आतील चिमुकला प्रक्षेपक आकडे रेडिओलहरींनी बाहेर पाठवतो. वेटोळे काढले की सारे शांत. रुग्ण आपल्या घरी जायला मोकळा.

येथे एक गंमत सांगतो. हा विकृतिमापी १९३८ साली अमेरिकेत सिमन्स आणि रूज यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधून काढला. तोच आज इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याखालील 'लोड सेल'मध्ये असतो. म्हणजे कारखान्याच्या दारात उसाची गाडी तोलणारे तत्त्व आणि बर्लिनमध्ये माणसाचा खांदा तोलणारे तत्त्व एकच! आपल्याकडे तंत्र नव्हते असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. तंत्र आपल्या दारातच होते. ते आपण उसाखाली ठेवले.

बर्लिनच्या मोजणीतून काय निघाले? २००९ साली चार रुग्णांच्या आठ नित्याच्या हालचालींचे आकडे प्रसिद्ध झाले. हात सरळ ठेवून दीड किलोचे कॉफीचे भांडे उचलताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे १०५ टक्के भार आला. आपल्या तरफेच्या गणितात १०० टक्के आला होता! पण तेच भांडे खाली ठेवताना भार सुमारे १२३ टक्के झाला. दोन किलोचे वजन डोक्याच्या उंचीपर्यंत उचलताना सुमारे ९८ टक्के आणि खाली ठेवताना सुमारे १३२ टक्के. वजन तेच, हात तोच, अंतर तेच. तरफेचे गणित दोन्ही वेळी एकच उत्तर देते. सांध्याने मात्र दोन उत्तरे दिली. आपल्याला वाटते की उचलणे कष्टाचे आणि ठेवणे सोपे. खांद्याचा अनुभव उलटा निघाला.

आणखी एक नवल पाहा. हात खाली सोडून बाजूला दहा किलोचे वजन धरले तर काय होईल? ओझे सांधा खाली ओढेल, तो निखळू नये म्हणून स्नायू त्याला आवळतील आणि भार बराच वाढेल, असे आधीची गणिते सांगत होती. प्रत्यक्षात भार आला शरीराच्या वजनाच्या सुमारे १२ टक्केच. तेच वजन कमरेच्या पट्ट्यापर्यंत उचलले तेव्हा मात्र तो सुमारे ९२ टक्क्यांवर गेला. म्हणजे लांब केलेल्या हातातील दीड किलोपेक्षा लोंबत्या हातातील दहा किलोंची बादली सांध्याला हलकी! 'जड उचलू नका' हा सल्ला किती अपुरा आहे ते यावरून दिसते. किती उचलले यापेक्षा कसे उचलले याला अधिक महत्त्व आहे.

या आकड्यांना मर्यादा आहेत, त्याही सांगायला हव्यात. हे चार माणसांचे आकडे आहेत, तेही दुखणाईत व शस्त्रक्रिया झालेल्या खांद्यांचे. निरोगी खांदा वेगळा वागू शकतो. आणि ही कामे बर्लिनची आहेत. कॉफीचे भांडे हे तेथील घरातले काम. त्या आठ हालचालींत कोयता नव्हता, मोळी नव्हती, उखळ-मुसळ नव्हते, आणि ते असण्याचे कारणही नव्हते. त्यांनी आपल्या माणसांची कामे मोजली. त्यांना दोष कसा देणार? दोष असेल तर आपला आहे. आपल्या माणसांची कामे मोजण्याची जबाबदारी आपली होती.

माझे मत असे की अहिल्यानगर जिल्ह्यात हे काम झाले पाहिजे आणि ते येथे होऊ शकते. गैरसमज नको. मोजण्यासाठी कोणाचा खांदा उघडावा असे मी मुळीच म्हणत नाही. तसे करणे पाप ठरेल. बर्लिनमध्येही ज्यांना सांधा हवाच होता त्यांनाच विचारले गेले. आपल्याला शरीराबाहेरून पुष्कळ काही मोजता येते. कोयत्याच्या मुठीत विकृतिमापी बसवून घावाचे बल कळते. चलच्चित्रावरून हाताचे कोन मोजता येतात. त्वचेवर चकत्या चिकटवून स्नायूंतील विद्युत्संकेत टिपता येतात. या सर्वांवरून सांध्यावरील भाराचे गणित करता येते. ते गणित बरोबर आहे की नाही, हे ताडून पाहायला बर्लिनच्या संशोधकांनी आपले आकडे व चित्रफिती जगाला मोफत खुल्या ठेवल्या आहेत. चार रुग्णांचे हे ऋण आपण वापरायचे नाही तर कोणी?

माणसेही आहेत. राहुरीला १९६८ पासून कृषी विद्यापीठ आहे आणि त्यात कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. लोणीला वैद्यकीय आणि भौतिकोपचाराचे शिक्षण मिळते. जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जो आरोग्य प्रकल्प सुरू केला, त्यात अल्पशिक्षित खेडूत स्त्रियांनी बालकांची वजने घेतली, नोंदी ठेवल्या आणि गावांचे आरोग्य पालटून दाखवले. मोजणे हे फक्त मोठ्या प्रयोगशाळेचे काम नाही, हा धडा याच जिल्ह्याने देशाला दिला आहे.

जामखेडच्याच कार्यशाळेत जयपूर पायाच्या धर्तीवर कृत्रिम पाय तयार झाले. या पायाची कथा येथे आठवण्यासारखी आहे. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूरला १९६८ च्या सुमारास तो घडवला. परदेशी कृत्रिम पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी होता. आपला माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, चिखलात अनवाणी चालतो. सेठी-शर्मांनी आधी माणूस काय करतो ते पाहिले आणि मग पाय घडवला. खांद्याच्या बाबतीत आपण अजून पहिल्या पायरीवरच आहोत. माणूस काय करतो ते पाहायचे आणि मोजायचे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की आता तोडणीयंत्रे येत आहेत, मग हा खटाटोप कशाला? यंत्रे येवोत. पण लहान तुकड्यांत, ओल्या रानात ती सहज चालत नाहीत आणि तोपर्यंत हजारो कोयते फडात आहेत. शिवाय खांदा काही उसापुरताच नाही. कांद्याच्या गोण्या उचलणारे हमाल आहेत, गवंड्याच्या हाताखाली घमेली वाहणाऱ्या बाया आहेत, अकोल्याच्या डोंगरात पाण्याचे हंडे चढवणाऱ्या मुली आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला मान्य आहे. माणसाची ताकद मोजली की त्याच्याकडून आणखी काम काढण्यासाठी कोणी तो आकडा वापरील. काटा कोणाच्या हातात आहे यावर सारे अवलंबून असते, हे ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून मोजणीच्या दोन अटी असाव्यात. ज्याचा खांदा, त्याची संमती. आणि ज्याचा खांदा, त्याला आकडा आधी कळला पाहिजे, त्याच्या भाषेत. मोळी किती किलोंची बांधावी, फळीचा चढ किती असावा, एकाने टाकावी की दोघांनी धरावी, हे त्या आकड्यावरून टोळीने ठरवावे. केवळ मुकादमाने नव्हे.

मित्रांनो, तुम्हाला आजच काय करता येईल? तरफेचा प्रयोग करा. मग घरात आई, आजी, काका दिवसभरात हात कितीदा खांद्याच्या वर नेतात, हातात काय असते आणि ते शरीरापासून किती लांब असते, याची एक दिवसाची नोंद ठेवा. फळीवरचा पिठाचा डबा खाली आणला तर किती हात वाचतील ते मोजा आणि डबा खाली आणा. ओझे अंगाजवळ धरावे आणि लांब हाताने खाली ठेवू नये, एवढे शेजाऱ्यांना सांगा, आणि का ते तरफेने दाखवा. यातून तुमच्यापैकी एखादा उद्या कोयत्याच्या मुठीत विकृतिमापी बसवील.

यंदाच्या हंगामात कारखान्याच्या काट्यावर गाडी उभी राहिलेली दिसली तर उमटणारा आकडा जरूर वाचा. तो उसाचा आहे आणि बरोबर आहे. मग गाडीशेजारी उभ्या असलेल्या माणसाकडेही पाहा. त्याच्या खांद्याचा आकडा अजून कोणी लिहिलेला नाही. तो कोणीतरी लिहायला हवा.